सह्यांचा कागद

साळवेबाईंविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. संस्थेच्या स्मरणिकेसाठी दोनदा माझ्याकडे लेख मागितला गेला. दोन्ही वेळा मी इमारत, बंधारे आणि आवारातली झाडं यांवर पानं भरली आणि बाईंना एका ओळीत उरकलं. गेल्या वर्षी बाई गेल्या. मीही आता अठ्ठ्याहत्तरीत आहे. अजून टाळलं तर हे माझ्याबरोबरच जाईल.

बाईंची एक सवय सगळ्यांना खटकायची. कागद हातात दिला की त्या हलत नसत. "ठेवा टेबलावर, बघतो," म्हटलं तरी उभ्याच. "बघा ना सर, थांबते मी." आपण वाचून मान हलवली की मगच पाठ फिरायची. आमचे अकाउंटंट देशमाने म्हणायचे, "बाई, तुम्ही पंगतीत वाढायला लागलात तर पहिल्या पाहुण्याने घास गिळल्याशिवाय दुसऱ्याला भात मिळायचा नाही." बाई मोकळं हसायच्या. "भाऊसाहेब, दिलं म्हंजे पोचलं असं न्हाई. बघितलं तर पोचलं."

आमची संस्था नगरची, पाणलोटाचं काम करणारी, दहा माणसांची. मी कार्यालयप्रमुख. बाई मूळच्या सोनईच्या, राहायला केडगावात. टायपिस्ट म्हणून आल्या. पुढे ईमेल आलं तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून ते बाईंच्या गळ्यात पडलं. कोपऱ्यातल्या खोलीतला एक कम्प्युटर दिवसातून दोनदा फोनच्या तारेवरून पुण्याला जोडला जाई, मोडेम किरकिरे, आणि आलेली पत्रं ज्याच्या त्याच्या पेटीत जाऊन पडत. त्याला आम्ही ऐटीत सर्व्हर म्हणायचो, बाई नुसतं 'पोस्ट' म्हणायच्या. नऊ वर्षं त्यांची नेमणूक दर मार्चला वर्षभरासाठी वाढत आली होती. येत्या मार्चला त्यांना कायम करायचं ठरलं होतं. नवरा वारलेला, मुलगी दहावीला. त्या मार्चकडे बाई कशा डोळे लावून बसल्या होत्या, हे मला चांगलं माहीत होतं.

ते १९९९ साल. दोन हजार साल उजाडलं की जुने कम्प्युटर गोंधळणार, अशी जिकडेतिकडे भीती होती. आमच्या 'पोस्ट'ची आवृत्ती जुनी, म्हणून नवीन आवृत्तीचं दुसरं मशीन आलं. जुन्यावरची सगळी पत्रं नव्यावर न्यायची आणि जुनं मशीन पुसून खेड्यातल्या प्रशिक्षण केंद्राला द्यायचं. पुण्याचा तंत्रज्ञ फोनवर सांगणार आणि बाई करणार. त्या आठवड्यात बाईंचा डबा रोज अर्धा परत जायचा. "एक पत्र जरी हरवलं ना सर," त्या म्हणायच्या, "तर कुनाला तोंड दाखवू?"

पत्रं हलवताना कोणाचीही पेटी उघडी नको होती. उघडी राहिली तर ती मागेच राहील, असं तंत्रज्ञाने बजावलं होतं. बाई टेबलाटेबलाशी जाऊन विचारत होत्या. मी एक उत्तर अर्धं लिहून ठेवलं होतं.

"बंद केलं का सर?"

"केलं."

केलं नव्हतं.

दुपारी बाईंनी एक आखलेला कागद फिरवला. नाव, सगळ्यांत जुन्या पत्राची तारीख, सगळ्यांत नव्या पत्राची तारीख, सही. प्रत्येकाने नव्या मशीनवर आपली पेटी उघडायची, तारखा स्वतः बघून लिहायच्या. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय जुनं मशीन पुसणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. माझा नंबर शेवटचा. दारात टेम्पो उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वरच्या ओळीत देशमान्यांनी तारखा लिहिल्या होत्या. मी त्यांच्याखाली 'वरीलप्रमाणे' लिहिलं आणि सही ठोकली.

बाई तिथेच उभ्या. "सर, वरच्यापरमानं कसं असंल? त्यांची पत्रं येगळी, तुमची येगळी. उघडून बघा की."

"बाई, माझ्यावर विश्वास नाही का? टेम्पो किती वेळ थांबवायचा?"

त्या दिवशी पहिल्यांदाच बाई माझं बघून होण्याआधी वळल्या. तासाभरात जुनं मशीन पुसून टेम्पोत चढलं.

तीन आठवड्यांनी परदेशी मदतसंस्थेचे लोक तपासणीला येणार होते. ठरलेल्या दोन गावांऐवजी आम्ही दुसऱ्या दोन गावांत काम केलं होतं. त्याची परवानगी ईमेलने माझ्याच पेटीत आली होती. ती काढायला मी पेटी उघडली. नाव माझं, वर तीन आठवड्यांतली नवी पत्रं, आणि त्यांच्या खाली, जिथे मी तोवर पाहिलंच नव्हतं, जुनं एकही नाही. मला निवृत्तीनंतर दोन वर्षं मुदतवाढ मिळायची होती. कार्यवाह अण्णा चारला येणार होते. तीनला मी बाईंच्या कपाटातली फाईल काढली, तो कागद घडी करून माझ्या पिशवीत टाकला आणि फाईल जागेवर ठेवली.

माझी जुनी पत्रं कुठे गेली, असं बैठकीत अण्णांनी विचारलं तेव्हा बाई शांत होत्या. "सगळ्यांच्या सह्या घेतल्यात. कागद फाईलला हाय." फाईल उघडली. त्यांनी पानं एकदा उलटली, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा, एकेक करून. सही केल्याचं सगळ्यांनी कबूल केलं. अण्णा माझ्याकडे वळले. "साहेब, तुमची?"

"माझ्यापर्यंत तो कागद आलाच नाही," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आल्ता, सर."

"बाई, साहेबांना खोटं पाडता?" अण्णा म्हणाले. देशमाने टेबलाकडे बघत राहिले. माझ्या शब्दाला वजन होतं ते पदाचं, आणि खरं सांगायचं तर आडनावाचंही. बाई बौद्ध, हंगामी आणि एकट्या. त्या खोलीत कोणाचं खरं मानलं जाणार, हे मला बोलण्याआधीच ठाऊक होतं. म्हणून तर बोललो.

मार्चला त्यांची नेमणूक वाढली नाही. पुढे त्या परवानगीची प्रत मदतसंस्थेच्याच दप्तरात सापडली आणि कामाला काही धक्का लागला नाही. बाईंना परत बोलवावं, असं कोणी सुचवलं नाही. मीही नाही. मुदतवाढीची दोन्ही वर्षं मी पुरी केली.

पुष्कळ वर्षांनी कळलं की बाई सोनईत टायपिंग आणि कम्प्युटरचा क्लास चालवतात. तो कागद खिशात घालून मी एसटीने गेलो. वाटभर एकच वाक्य घोकत होतो. बाईंनी खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, समोर बसलेल्या मुलींना म्हणाल्या, "ह्ये आमचे सर. ईमेल मी यांच्याच हापिसात शिकले." मुली उभ्या राहिल्या. मी चहाचा कप उचलला. लेक नर्स झाली, पुण्याला असते, हे त्यांनीच सांगितलं.

स्टँडपर्यंत सोडायला आल्या. तिथे म्हणाल्या, "सर, काही काम हुतं का माझ्याकडं?"

त्या थांबून होत्या. मी म्हणालो, "नाही, शिंगणापूरला आलो होतो, म्हटलं भेटून जावं."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या. एसटी आली आणि मी चढलो.

बाई, कागद माझ्यापर्यंत आला होता. सही मी केली होती आणि तो कागद मीच चोरला. तुम्ही खरं बोलत होता. मला माफ करा.