ती तीच आहे का?

"अगं, हा तत्त्वज्ञानाचा विभाग आहे. भाकऱ्या थापता थापता बघायच्या सीरियलींचा नव्हे."

सर एवढं बोलले आणि वर्ग हसला.

मी सांगलीच्या कॉलेजात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. लघुप्रबंधाचा विषय मांडायचा दिवस. मी एक ओळही वाचली नव्हती. फक्त विषय सांगितला होता. घरोघरी लागणाऱ्या एका मालिकेत सून जावेला विष घालते. मग अपघातात तिची स्मृती जाते. आता ती अपराधी राहते का? ती तीच आहे का?

"जतकडची ना तू?" सर म्हणाले. "मेंढरांमागची माणसं. घरात टीव्ही आला की असंच होणार."

परत हशा.

माझ्या आधी एका डॉक्टरांचा मुलगा बोलून गेला होता. त्याची मालिका परदेशी, इंग्रजी. तिच्यात माणसाच्या आठवणी पुसतात. मग तो माणूस तोच राहतो का, हा त्याचा प्रश्न. सरांनी त्याला मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी मान डोलावून म्हणाले, "याला म्हणतात चिंतन."

प्रश्न तोच. माझा तेवढा भाकरीचा.

आमच्याकडं ती मालिका सगळ्या बाया बघायच्या. एकदा भाग ऐन रंगात आला आणि पाण्याचा टँकर आला. बाया घागरी घेऊन पळाल्या. रांगेत वाद पेटला. आई म्हणाली, "तिला कायबी आठवत न्हाई. मग शिक्षा कुणाला द्यायची? नुसत्या अंगाला?"

चुलती म्हणाली, "इष घालणारं हात तेच हाईत की."

शेजारची शमशादचाची रांगेत मागं होती. तिची सासू वर्षभर कुणालाच ओळखत नव्हती. चाची म्हणाली, "सासू मला वळकत न्हाई. पर मी तिला वळकते. मग ती माझी सासू न्हाई व्हय?"

टँकरचा पाइप मोकळा वाहत होता, तरी घागर लावायचं कुणाला सुचेना. मी तिथंच ठरवलं होतं, हेच शिकायचं.

आणि आता सर म्हणत होते, "बस खाली. दुसरा विषय आण. सोपा. तुला झेपेल असा."

गुडघे वाकलेही. सांगितलं की बसायचं, हे अंगात मुरलेलं. पण टेकले नाही. राग आला आणि पाय ताठ झाले.

"सर, मी अजून वाचलं न्हाई."

दोन वर्षं जपून बोलत होते. त्या घटकेला 'न्हाई' निसटलं. मागून कुणीतरी लगेच "न्हाई, न्हाई" करून दाखवलं.

मग मी जपायचंच सोडलं. कागद बाकावर ठेवला. टँकरची रांग सांगितली. आईचं बोलणं आईसारखंच, चाचीचं चाचीसारखंच. थांबले नाही. काहीजण हसत राहिले. सर घड्याळ बघत राहिले.

"झालं? विषय नामंजूर."

बाहेर डॉक्टरांचा मुलगा गाठ पडला. "सर असेच आहेत गं. मनावर घेऊ नकोस."

"तू का हसलास?"

तो मोबाईल काढून बघायला लागला.

संध्याकाळी आईचा फोन आला. सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मास्तर म्हनत्यात तसं कर की. वरीस वाया जाईल."

तिचंही चुकत नव्हतं. आमच्यात आजवर कुणी मास्तरांना नाही म्हटलेलं नाही. तेच मला सलत राहिलं. वर्गाच्या हशापेक्षा जास्त.

सकाळी सरांच्या केबिनमध्ये गेले. "विषय का नामंजूर, ते लेखी द्या."

"असं लेखी देत नसतात."

"मग मी विषय बदलत न्हाई."

"नापास होशील."

"व्हईन. पुढच्या वर्षी परत येईन. हाच विषय घेऊन येईन. तुमी न्हाई म्हणाल, तर त्याच्या पुढच्या वर्षी."

त्यांनी दाराकडं बोट केलं. मी समोरची खुर्ची ओढली आणि बसले. ह्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं.