इथे राहणारा डायरेक्टर

आमच्या ह्यांना डायरेक्टर केलं ते काही अक्कल बघून नव्हे. हे इथे राहतात म्हणून. परदेशी कंपनीला आपल्याकडे कंपनी काढायची तर निदान एक डायरेक्टर वर्षातले सहा महिने तरी भारतात राहणारा लागतो, असा कायदा आहे म्हणे. खराडीच्या त्या कंपनीचे दोन्ही मालक तिकडे, साता समुद्रापलीकडे. इथलं ऑफिस सांभाळायला आमचे अनंतराव. किल्ल्या, हजेरी, एसीवाल्याशी भांडण. झाले डायरेक्टर. पगार तोच. मी म्हटलं, "अहो, कधी कुठे न जाण्याचं चीज झालं म्हणायचं." हे हसले आणि सोसायटीत पेढे वाटून आले.

गेल्या दिवाळीत मालकांनी गाशा गुंडाळला. एक ईमेल पाठवली, संपलं. मग कळलं, सरकारला द्यायची विवरणपत्रं दोन वर्षं भरलेलीच नाहीत. ते सगळं तिकडूनच व्हायचं. ह्यांना विचारत होतं कोण? पण नोटीस आली आमच्या सिंहगड रोडच्या पत्त्यावर. जो सापडतो त्यालाच धरायचं, दुसरं काय.

बुधवार पेठेतले श्यामसुंदर वकील म्हणाले, "आजच राजीनामा द्या. मागचं निस्तरावं लागेल, पण पुढच्या भानगडींतून तरी सुटाल."

हे म्हणतात, "मग ऑफिसातल्या पोरांच्या अनुभवाच्या पत्रांवर सही कोण करणार? नोकऱ्या गेल्यात त्यांच्या."

माझं डोकंच फिरलं. "त्या दोघांना लाज नाही आणि तुम्हाला शहाणपण नाही. साठीला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल, तेव्हा ही पोरं येणार आहेत का डबा घेऊन?" घरी येऊन राजीनामा मीच टाईप केला आणि ह्यांच्या पुढ्यात आपटला. "करा सही."

ह्यांनी पेन उघडलं, तेवढ्यात बेल वाजली. दारात त्या ऑफिसातली एक मुलगी. मांजरीहून दोन बस बदलून आलेली, घामाघूम.

"काकू, सर आहेत का? सोमवारी नव्या ठिकाणी जॉइन व्हायचंय. एक्सपिरियन्स लेटर नसेल तर ते दुसऱ्याला घेतायत. बाकी कोणी फोनच उचलत नाही."

नाहीत म्हणून सांगावं, अगदी तोंडाशी आलं होतं. मागे वळून पाहिलं. राजीनामा बाजूला सारून हे चष्मा पुसत बसले होते. असा संताप आला मला, ह्यांचा, त्या मालकांचा, त्या कायद्याचा.

"आहेत," मी दार उघडत म्हटलं. "इथेच असतात. त्यासाठीच नेमलंय त्यांना."