ब्रह्मपुत्रेचा डाग

कुसुमताई गेल्या तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच जुन्या तव्यावर दाणे भाजत होते. शेंगदाणे नव्हेत. औषधाच्या बाटलीत किंवा नव्या चपलांच्या खोक्यात ओल शोषणारी पुडी असते ना, तिच्यातले दाणे. त्यांच्याकडचे दाणे कोरडे असले की निळे असत, ओल पिऊन गच्च झाले की गुलाबी होत, आणि मंद आचेवर भाजले की पुन्हा निळे. त्या सकाळी मी वापीच्या हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसले होते. नाकात नळी, आवाज पार खोल गेलेला, आणि बाईंनी मला पहिला प्रश्न केला तो हा, "कपाटातले दाणे कुठल्या रंगाचे आहेत?" मी म्हटलं, "गुलाबी झालेत, ताई. पण आता ते..." "मग इथे माझं तोंड काय बघत बसलीस, सुनीता? जा, भाज." म्हणून मी सिल्वासाला परत आले. दाणे नुकते निळे व्हायला लागले होते आणि फोन वाजला. पलीकडे त्यांचे धाकटे भाऊ, वसंतराव. "ताई गेली," एवढंच म्हणाले. मी रडले, पण गॅस बंद केला नाही. अर्धवट भाजलेले दाणे कपाटात ठेवले असते तर बाईंनी तिथून उठून येऊन माझी हजेरी घेतली असती.

त्यांच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले की कुसुमताईंच्या जाण्याने मोठी पोकळी निर्माण झाली आहे. त्या समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, "किती लिटरची?" कुसुम बोरसे ही बाई रसायनशास्त्राची होती आणि मोघम बोलणाऱ्याला सोडत नसे. माहेर, सासर जे काही म्हणायचं ते धुळ्याकडचं एकच, कारण लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारणाऱ्याला त्या उलट विचारत, "तुम्ही का केलंत?" सिल्वासाजवळ मसाटच्या एका कापड रंगवणाऱ्या कारखान्यात त्या लॅबच्या प्रमुख होत्या. मी तिथेच खरेदी विभागात आणि राहायला त्यांच्या खालच्या मजल्यावर. कापडावर पडलेला कुठलाही डाग, तेलाचा, गंजाचा, घामाचा, त्या नुसता बघून सांगत की हा कशानं जाईल. दूरदूरच्या कारखान्यांतून माणसं हातात चिंध्या घेऊन त्यांना भेटायला येत.

आणि हीच बाई घरी आल्यावर डाग जपत असे. एकोणिसाव्या शतकात आगगाडी सगळीकडे पोचली नव्हती, तेव्हा आसामकडचं टपाल आगबोटीनं ब्रह्मपुत्रेतून जायचं. बंगालमधल्या गोआलंदोला थैल्या बोटीवर चढायच्या, धुबरी, गुवाहाटी करत वर दिब्रुगडपर्यंत पोचायच्या, आणि वाटेत पाकिटावर शिक्के पडत जायचे. अशी पाकिटं कुसुमताई जमवत. "तिकिटं जमवता का?" असं कुणी विचारलं की त्यांचा पारा चढे. "तिकीट कापून काढलं की उरलं काय? मी वाट जमवते. पाकीट अख्खं पाहिजे, मागचे-पुढचे शिक्के पाहिजेत." कारखान्यात सगळे चिडवायचे. आपल्या दमणगंगेत धड होडी दिसत नाही आणि मॅडम आगबोटी घेऊन बसल्यात! बाई हसायच्या आणि सुट्टी झाल्यावर रंग जुळवायच्या दिव्यांच्या पेटीत पाकीट सरकवायच्या. साध्या उजेडात न दिसणारा शिक्का त्या पेटीतल्या जांभळ्या दिव्याखाली हळूच वर यायचा. "आली बघ बोट," असं त्या म्हणत, आणि खरं सांगते, त्यांच्या खांद्यावरून वाकून बघताना मलाही ती आल्यासारखी वाटे.

त्यांचं सगळ्यांत लाडकं पाकीट म्हणजे दिसायला अगदी गरीब. दिब्रुगडजवळच्या चहाच्या मळ्यावरच्या कुणाला तरी पाठवलेलं. गोआलंदोचा शिक्का पुसट, दिब्रुगडचा अर्धाच उमटलेला, आणि उजव्या कोपऱ्यापासून मधोमध पसरलेला मातकट पिवळा डाग, कडेला गडद रेघ. पाणी आलं, थांबलं आणि सुकलं, त्याची ती रेघ. "बोट वाळूत रुतली असेल, नाहीतर थैली उतरवताना हातातून सुटली असेल. मला माहीत नाही आणि मी थापा मारणार नाही," त्या म्हणायच्या. "पण हा नदीनं स्वतःच्या हातानं मारलेला शिक्का आहे." दरवर्षीच्या टपाल-संग्रहांच्या प्रदर्शनात त्या हेच पाकीट पहिल्या पानावर लावत. परीक्षक पहिल्या पानाशीच थबकत. संशोधन उत्तम, मांडणी उत्तम, पण पाकिटाची अवस्था... मग कांस्यपदक. एकदा एका परीक्षकांनी त्यांना बाजूला घेऊन अगदी आपुलकीनं सांगितलं की मॅडम, एवढं पाकीट स्वच्छ करून घ्या, सोनं तुमचंच आहे. कुसुमताई म्हणाल्या, "साहेब, डाग काढून मी पोट भरते. मला शिकवू नका. नदीतून आलेलं पत्र ओलं झालं, ह्यात पत्राचा काय गुन्हा?" पुढच्या वर्षी तेच पाकीट, तेच पहिलं पान, तेच कांस्य. परतताना भिलाडच्या नाक्यावर थांबून त्यांनी मला वडापाव खाऊ घातला आणि पदक गळ्यात घालून स्वतः दोन खाल्ले.

बरं, हे सगळं त्या करत होत्या सिल्वासात. इथल्या पावसात भिंतींना बुरशी येते, पापड मऊ पडतात, आणि शंभर-सव्वाशे वर्षांचा कागद तर बघता बघता खराब व्हायचा. वसंतराव नाशिकला असतात. ते दरवर्षी म्हणत, "ताई, आमच्याकडे हवा कोरडी. सगळं घेऊन इकडे ये." ह्या म्हणत, "हवा कोरडी म्हणून माणसं सोडून येऊ का?" त्याऐवजी त्यांनी कपाट बनवून घेतलं. आम्हा खरेदीवाल्यांकडे येणाऱ्या प्रत्येक खोक्यातली पुडी त्यांच्यासाठी बाजूला निघू लागली. बघता बघता मसाटच्या निम्म्या कारखान्यांतून पुड्या यायला लागल्या. कोण कुठला कामगार, आगबोट म्हणजे काय हेही त्याला ठाऊक नसायचं, पण गेटवर पुडी देऊन जायचा, "बोरसे मॅडमले देजो." त्या पुड्यांतले दाणे वाट्यांतून कपाटात ठेवायचे, गुलाबी झाले की भाजायचे. भाजताना खिडक्या सताड उघड्या, आणि त्या तव्यावर पोळी भाजायला सक्त मनाई.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी जे घडलं ते फक्त रंगकामाच्या लॅबमध्येच घडू शकतं. लॅबमधले भरतभाई, किलवणीचे, कुसुमताईंच्या हाताखाली तयार झालेले आणि त्यांच्यावर जीव टाकणारे. दिव्यांच्या पेटीत बघायला आणलेलं एक पाकीट ताईंच्या खणात राहिलं होतं. धुबरीचा निळा शिक्का असलेलं, आणि त्यावरही नदीचा असाच डाग. भरतभाईंनी विचार केला, मॅडमला भेट द्यायची तर काय द्यायचं? डाग काढणं तर आपल्या हातचा मळ. त्यांनी ते पाकीट सौम्य द्रावणात सोडलं, खळबळून काढलं, टिपकागदात दाबून सुकवलं, वर हलकी इस्त्री फिरवली आणि चौकटीत बसवलं. समारंभात सगळ्यांसमोर कागद सोडवला गेला. भरतभाईंचा चेहरा नुसता फुलून आला होता. "कुसुमबेन, जुओ तो खरा! एकदम चोख्खं करून टाकलं!"

चोख्खं झालंच होतं. डाग गेला होता. निळा शिक्काही गेला होता, त्या जागी आकाशी धूसर गोल तेवढा उरला होता. आणि तपकिरी शाईतलं नाव, पत्ता, सगळं साफ... पांढरं पाकीट, कोपऱ्यात फिकं तिकीट. कुसुमताईंनी चौकट उजेडाकडे धरली. मग त्यांच्या तोंडून धुळ्याची भाषा निघाली, जी फार चिडल्या किंवा फार कळवळल्या की निघत असे. "हाई काय करी टाकं रे भाऊ..." भरतभाईंना तेव्हा कुठे उमगलं. तो धिप्पाड माणूस तिथल्या तिथे रडायला लागला. मला वाटलं आता बाई घरी जाणार, ते पाकीट फेकणार आणि ह्या माणसाचं तोंड पुन्हा बघणार नाहीत. बाईंनी डोळे पुसले, भरतभाईंना आधी जेवायला बसवलं, आणि पुढच्या प्रदर्शनात ते पांढरं पाकीट शेवटच्या पानावर लावलं. खाली आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं, "नदीतून वाचलेलं, आमच्या प्रेमातून न वाचलेलं." परीक्षकांनी त्यावर्षी आणखी गुण कापले. शेवटचं पान कशाला लावलंत, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लपवायचं कशाला? नदीनं केलं ते दाखवते, तर माणसानं केलं तेही दाखवीन."

आता त्या गेल्यावर वसंतराव आले. दिवसकार्य उरकलं. प्रदर्शन तोंडावर होतं आणि ताईंचा प्रवेश आधीच झाला होता. वसंतराव कपाटासमोर बसून म्हणाले, "सुनीताबाई, मुंबईत एक जण जुने कागद साफ करतो. पहिलं पाकीट त्याच्याकडे देतो. दरवर्षी ती कांस्य घेऊन यायची आणि हसायची, मला ते बघवायचं नाही. निदान आता तरी माझ्या ताईला सोनं मिळू दे." माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण त्यांच्यावर ओरडू कशी? बहिणीसाठी तुटत होता हो तो माणूस. आणि कपाट आता त्यांचं होतं. नेलं असतं तर मी कोण अडवणार? मी उठले. संग्रहाचं शेवटचं पान काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. भरतभाई दाराशी उभे होते, त्यांनी मान फिरवली. वसंतरावांनी पांढरं पाकीट उलटसुलट बघितलं. "हे कुणाला पाठवलेलं?" म्हणाले. मी म्हटलं, "होतं कुणाला तरी. नाव होतं, गाव होतं. आता कुणालाच नाही."

त्यांनी ते पान जपून माझ्या हातात दिलं. मग ताईंसारखेच आपल्या भाषेत म्हणाले, "राहू दे मंग. डाग राहू दे."

प्रदर्शनाला आम्ही तिघं गेलो. पहिल्या पानाशी परीक्षक थबकले. वसंतरावांना ओळखून सांत्वन केलं, आणि जाता जाता म्हणालेच, की बोरसे मॅडमनी तेवढं एक पाकीट धुतलं असतं तर... वसंतराव मान खाली घालून बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी ताठ उभे राहिले. म्हणाले, "धुतलंय की एक. शेवटचं पान बघा." परीक्षक शेवटच्या पानापाशी गेले आणि वाकून खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली. कांस्यच मिळालं. परतताना भिलाडच्या नाक्यावर आम्ही थांबलो, आणि वसंतरावांनी पदक गळ्यात घालून दोन वडापाव खाल्ले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

पाकिटं नाशिकला गेली नाहीत. ताईंचं कपाट ताईंच्या घरात आहे, किल्ली माझ्याकडे. काल संध्याकाळी बाहेर पावसाची नुसती झोड चालली होती. भरतभाई वर जाऊन आले आणि जिन्यातूनच ओरडले, "सुनीताबेन, दाणा पाछा गुलाबी थई गया!" मी म्हटलं, "मग माझं तोंड काय बघताय? भाजा." मी वर पोचेपर्यंत त्यांनी खिडक्या उघडल्या आणि तवा चढवला. पाऊस आत येत होता, ओटा भिजत होता, भरतभाईंची पाठ भिजत होती. आणि तव्यावरचे दाणे कडेपासून एकेक करून निळे होत होते.