जांभ्याने प्यायलेलं ऑइल

घरासाठी जांभ्या दगडाचे चिरे काढले तो खड्डा माझ्या गॅरेजच्या मागेच होता. तीस वर्षं मी गाड्यांचं जळकं ऑइल त्यात ओतलं. वाशांना वाळवी लागू नये म्हणून थोडं लोक मागून न्यायचे, बाकी सगळं खड्ड्यात. सकाळी ओतलं की संध्याकाळी खड्डा कोरडा. जांभा पितो, असं आम्ही सगळेच म्हणायचो आणि हात पुसायचो. ते पुढे कुठे जातं हे विचारायची अक्कल मला कधी झाली नाही.

खालच्या अंगाला थोरल्या भावाचं घर. तो गेल्यापासून वहिनी तिथे एकटीच राहते. पाण्याला एकच विहीर, भावाने गडी लावून, स्वतः आत उतरून खणलेली. माझ्या घरी नळ, त्यामुळे तिच्या विहिरीत डोकावायचं मला कधी कारण पडलं नाही.

मग पूर्णगडच्या रस्त्याला विजेच्या गाड्या दिसायला लागल्या आणि माझं काम आटत गेलं. गेल्या वर्षी गॅरेज बंद केलं, मीही विजेचीच गाडी घेतली, आता भाडी मारतो. मुंबईचा मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, निसर्गाचं भलं केलंत." मी म्हटलं, "वीज कोळशाचीच रे बाबा, पण धूर माझ्या दारात नाही, एवढं खरं."

यंदा वैशाखात वहिनीला म्हटलं, विहीर उपसून देतो. ती नको नको म्हणत होती. मी ऐकतोय कसला, पंप लावला, दोन गडी आणले, गाळ काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पाणी झिरपलं होतं. त्यावर रंगीत तवंग होता, ऑइलचा. गड्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

"आता एक थेंब ओतत नाही मी," मी वहिनीला म्हटलं. "दोन पावसाळे गेले की होईल नितळ."

"आठ वर्षं असंच आहे, भावजी. हे होते तेव्हाच सुरू झालं. त्यांनी बजावलं होतं, धाकट्याला बोलायचं नाही, त्याचं पोट आहे त्यावर. आता गॅरेज नाही म्हणून बोलत्ये. बुजवून टाका ती. कोणाचं पोर चुकून प्यायचं."

मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटेना. गाडीखाली तासभर आडवं पडून पाठ बधीर होते, तसं सगळं अंग झालं होतं.

"मग तू पितेस काय?"

"वरच्या वाडीतून आणत्ये. सकाळी तुम्ही कामात असता तेव्हा, दोन हंडे."

आठ वर्षं मी रोज चार वाजता तिच्याकडे चहा प्यायला जात होतो. कधी कधी दुसरा कपही मागून घ्यायचो.