सुभेदारांची ओसरी

माझ्यामुळे आयुष्यात जी थोडी माणसं दुखावली, त्यांतल्या एकालाही मी वाकडा शब्द बोललो नव्हतो. मी काही बोललोच नव्हतो, सगळा घोळ तिथंच आहे. हे डोक्यात शिरायला चौतिसावं वर्ष उजाडावं लागलं, तेही नोएडातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, मोटरहोमला लावायची कापडी छतं विकताना.

लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावाहून मी दिल्लीला आलो तो कलेक्टर व्हायला. सहा वेळा परीक्षा दिली. एकदा मुलाखतीपर्यंत पोचलो, बाकी पाच वेळा त्याआधीच गळालो. सहावा निकाल लागला आणि परीक्षेचं दार कायमचं बंद झालं. गावी तोंड दाखवायची हिंमत नव्हती आणि दिल्लीत राहायला कारण नव्हतं. वडील फोनवर विचारायचे, "येतोस की राहतोस?" मी म्हणायचो, "दोन्हींचा विचार चालू आहे." विचार कसलाच चालू नव्हता. सकाळी उठायचं, मेट्रोत बसायचं, संध्याकाळी तसंच परत यायचं, एवढंच चालू होतं.

ही नोकरी एका मित्राच्या ओळखीनं लागली. मालक दिल्लीचाच. जुन्या व्हॅन आणि टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन त्यांच्या आत पलंग, ओटा, संडास बसवून द्यायचा. अशी गाडी घेऊन लोक महिनोन्‌महिने फिरतात, गाडीतच राहतात. पण आत जागा एवढीशी, की दोन माणसं एकमेकांना ओलांडताना अंग चोरतात. म्हणून गाडीच्या दाराशी बाहेर एक छत लागतं. त्याला धंद्यात ऑनिंग म्हणतात. गिऱ्हाइकाला योग्य ऑनिंग निवडायला मदत करणं हे माझं काम होतं. मी सहा वर्षं राज्यघटना पाठ केली म्हणून मालक मला प्रोफेसर म्हणायचा, आणि मी ते निमूट ऐकून घ्यायचो.

कामाला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी नोट्स काढल्या. त्याशिवाय मला काही येतच नव्हतं. क्लासमध्ये आम्हाला शिकवलेलं होतं की परीक्षकाचं मत काय आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं, तेव्हा एका बाजूला झुकू नका. आधी फायदे, मग तोटे, शेवटी समतोल समारोप. धरण हवं की जंगल, असं विचारलं तर दोन्ही हवं म्हणायचं आणि पुढची वाट सुचवायची. वर्षानुवर्षं असं लिहिल्यावर हाताला तेच वळण पडतं. मी ऑनिंगचाही तसाच तक्ता केला. एकीकडे गाडीच्या कडेला पक्कं बसवलेलं छत, हँडल फिरवलं की बाहेर येणारं. दुसरीकडे वेगळा उभारायचा तंबू, काठ्या, दोर आणि खुंट्यांचा, चारी बाजूंनी बंद होणारा, गाडीला खोलीसारखा जोडायचा. ऊन, वारा, थंडी, वजन, घडी, सगळे रकाने भरलेले. तक्ता फार सुंदर झाला होता.

दसऱ्याच्या सुमारास द्वारकेहून एक जोडपं आलं. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले काका, मूळचे साताऱ्याकडचे, आणि काकू. मी मराठी आहे हे कळल्यावर काकांनी माझं गाव, पीकपाणी, पाऊस सगळं विचारून घेतलं. त्यांचा उजवा हात सारखा थरथरत होता. तो हात ते डाव्या हातानं धरून बसायचे. पार्किन्सन होता. चालताना पावलं अडखळायची.

व्हॅन आमच्याकडेच तयार होत होती. ती काकू चालवणार होत्या. त्यांनी पंधरा वर्षं द्वारकेत शाळेची व्हॅन चालवलेली, त्यामुळे गाडीची त्यांना कसलीच धास्ती नव्हती. बेत असा होता की दिल्लीहून निघायचं आणि काकांच्या पलटणीतले जुने सोबती ज्या ज्या गावी आहेत तिथं थांबत थांबत, अलवर, झाशी, इंदूर करत साताऱ्याला पोचायचं.

"कुणाच्या घरात जाऊन बसायचं नाही मला," काका म्हणाले. "हा हात असा. दुसऱ्याच्या घरी चहा सांडायचा, त्यांच्या सुनांनी पुसायचा, नको ते. आपण त्यांच्या दारात गाडी लावायची, आपली ओसरी उघडायची, आणि त्यांना आपल्याकडं बोलवायचं. सांडला तर आपल्याच घरात सांडला."

ऑनिंगला ते ओसरीच म्हणायचे.

काका मालकाशी बोलायला गेले तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणालेत, या हिवाळ्यात जमेल. पुढच्याचं काही सांगत नाहीत."

हे सगळं मला पहिल्या दिवशी कळलं होतं. मला कुणी अंधारात ठेवलं, असं म्हणायची सोय नाही.

काकांना तंबू हवा होता. उभ्या नोकरीत त्यांनी बर्फात, वाळूत, दगडात तंबू ठोकले होते. काठी हातात घेतली की त्यांचा चेहरा बदलायचा. दोर कुठं ताणायचा, वाऱ्याकडे पाठ कशी करायची, ते मला समजावून सांगायचे. पण तंबू उभारायला दोन धड माणसं लागतात, आणि त्या गाडीत धड माणूस एकच होतं. ते दिवसभर गाडी चालवून दमलेलं असणार होतं. हँडलचं छत काकू एकट्या दोन मिनिटांत उघडू शकल्या असत्या. शेडमध्ये तसं एक टांगलेलंही होतं. निर्णय इतका सरळ होता की त्याला तक्ता लागतच नव्हता.

पण तो सांगायचा म्हणजे सुभेदारांना तोंडावर सांगायचं होतं, की काका, तुमच्या हातानं आता तंबू होणार नाही. मी कच खाल्ली. मी तक्ता काढला.

"तसं बघितलं तर दोन्हींच्या बाजू आहेत, काका," मी म्हणालो. त्यांनी तक्ता मन लावून वाचून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि विचार करतो म्हणाले.

दिवाळीच्या आधी ते परत आले. काका खुर्चीत सरळ होऊन बसले आणि म्हणाले, "आता तू सांग. कुठलं घ्यावं?" मी काय करावं? मी तिसरा प्रकार काढला. बटण दाबल्यावर मोटारीनं उघडणारं छत. त्याचेही फायदे सांगितले, बॅटरी गेली तर काय होईल तेही सांगितलं. काकू एकदा माझ्याकडे आणि एकदा टांगलेल्या छताकडे बघत होत्या. दिवाळी झाल्यावर ठरवू, असं म्हणून ती दोघं गेली. मला त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

दिवाळीनंतर हवा बिघडली. सूर्य दुपारीही धड दिसेना, शेडमधलं वेल्डिंग बंद करायला लागलं, सगळे मास्क लावून खोकत बसायचे. त्या दिवसांत ती दोघं तिसऱ्यांदा आली. व्हॅन दिवाळीच्या आधीच त्यांच्या ताब्यात दिलेली होती. काका म्हणाले, "एकदा तंबू उभा करून बघू." मी आणि काकूंनी मागच्या मोकळ्या जागेत काठ्या उभ्या केल्या. पहिला दोर काकांनी मागून घेतला. खुंटीला गाठ मारायची होती. ही गाठ त्यांनी किती हजार वेळा मारली असेल. दोराचं टोक फासातून जाईना. हात थरथरायचा, टोक बाजूला जायचं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तसंच झालं. काकू धुरकट आभाळाकडे बघत उभ्या राहिल्या. काका गुडघ्यावर बसलेले, मान खाली. मग त्यांनी तसंच बसल्या बसल्या, वर न बघता मला विचारलं, "काय रे, कसं वाटतंय?"

तो क्षण माझ्यासाठीच ठेवल्यासारखा होता. त्यांनी स्वतःच दार उघडून दिलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, काका, हे राहू द्या, हँडलचं घेऊ या, काकूंना सोपं पडेल. मी म्हणालो, "हा दोर जाड आहे, काका. थंडीमुळे कडक झालाय. पातळ दोर येतो, तो मागवता येईल."

"अच्छा," काका म्हणाले. त्यांनी दोर खाली ठेवला. उठताना त्यांना माझा आधार लागला.

पुढं डिसेंबरात काकूंचा फोन आला. काय करायचं, विचारत होत्या. मी सांगितलं की जानेवारीत नवा माल येतोय, त्यात हलका तंबूही आहे, थोडं थांबलात तर निवड चांगली होईल. हे खरं होतं. मी खोटं कधीच बोलत नाही, खरं तेवढंच सोयीनं सांगतो. मालकानं ते ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "यार प्रोफेसर, जो टंगा है वही दे दो," तो म्हणाला. "कपड़ा ही तो है. बुज़ुर्ग लोग हैं, जाने दो उन्हें." मी त्याला सांगितलं की गिऱ्हाइकाला पूर्ण माहिती देऊन निवडू दिलं पाहिजे. तो हसला आणि निघून गेला. मला तो अडाणी वाटला होता.

फेब्रुवारीत व्हॅन शेडच्या दारात येऊन थांबली. काकू एकट्याच उतरल्या. मी पाण्याचा पेला घेऊन गेलो. पाणी पिऊन त्यांनी विचारलं, "मालक आहेत का? गाडी विकायची होती."

मी काकांचं विचारलं.

"संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पडले, बाथरूममध्ये. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं नाही आता. पडूनच असतात. माणसं येतात म्हटलं की भिंतीकडे तोंड करून झोपतात."

मी मालक तासाभरात येतील म्हणालो. आम्ही शेडच्या बाहेर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. मग मी म्हणालो, "मला वाटायचं, काकांना तंबूच हवाय."

"हवा होताच की," काकू म्हणाल्या. "पण आपल्याच्यानं होत नाही हे त्यांना कळत होतं. मिलिटरीचा माणूस, आपणहून कसा म्हणेल? मी म्हटलं असतं तर लागलं असतं त्यांना. बायकोनं म्हटलेलं फार लागतं. तुझं त्यांनी ऐकलं असतं. इथून घरी गेलं की म्हणायचे, पोरगा शिकलेला आहे, तो म्हणेल तसं करू. म्हणून तर सारखे तुला विचारायचे."

मला मान वर करवेना. सहा वेळा नापास झालो, पण त्या दिवशी जे वाटलं ते तेव्हा वाटलं नव्हतं. तिथं निदान नुकसान माझं एकट्याचं होतं.

"तुला स्वतःला काय वाटत होतं?" काकूंनी विचारलं. "आता सांगायला काय हरकत आहे?"

"हँडलचं," मी म्हणालो. "पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. "मलाही तेच वाटत होतं. तेव्हाच लावून दिलं असतंस तर दिवाळी आम्ही झाशीला केली असती. त्यांचा तिथला सोबती रोज फोन करायचा, कधी निघताय म्हणून."

त्या अगदी शांतपणे बोलत होत्या, शाळेच्या मुलाला समजावून सांगावं तसं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.