लाल जंगल

आमच्या मॅडम जंगलाला लाल म्हणत. उपग्रहाच्या चित्रात जिवंत पान लाल दिसतं, आणि त्यांचं सगळं आयुष्य अशी चित्रं बघण्यात गेलं होतं. खुलताबादच्या घाटात हिरवी झाडी दिसली तरी म्हणायच्या, "काय लाल आहे बघा." ड्रायव्हर गोंधळायचा. ऑफिसात त्यांचं नाव लालबाई पडलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं.

अभयारण्याचं चित्र मॅडम दिवाळीचंच घ्यायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडची झाडं पानं टाकतात. "तेव्हा जंगल मोजणं म्हणजे मुंडण केलेल्याला टकला म्हणणं," असं त्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या.

मग दुष्काळाची वर्षं आली. शहराला पाणी टँकरनं, आणि तरी चौफेर नव्या इमारतींचे स्लॅब पडत होते. दिवाळीच्या चित्रातही लाल सापडेना. साहेब म्हणाले, "पानगळ लिहा, मॅडम. पाऊस पडला की येईल परत."

मॅडम जीप घेऊन अभयारण्यात गेल्या. वाळल्या झाडाची साल नखानं खरवडायची, आत हिरवं निघालं तर झाड जिवंत, ही त्यांची परीक्षा. परतल्या त्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये. रागावल्या की त्यांच्या तोंडी गावची, पाचोडची बोली यायची. "नख लावायला खोड तर पायजे, साहेब. तिथं नुसते खुंट हायेत. झाडं समदी स्लॅबखाली टेकू म्हणून गेली."

तोड झाली, एवढं एक वाक्य त्यांना अहवालात हवं होतं. अहवालात पानगळच गेली.

पुढं चांगला पाऊस झाला. दिवाळीचं चित्र लालभडक आलं, ऑफिसात पेढे वाटले. मॅडमनी पेढा हातातच धरला. "कडा बघा, किती सरळ. जंगल असं बांध घालून उगवत नाय. कापूस हाय हा."

"लाल आहे ना?" साहेब म्हणाले. "मग जंगल वाढलं."

त्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोपाला ऑफिसनं तेच चित्र फ्रेम करून दिलं. मला तेव्हा त्यांच्याकडे बघवलं नाही.

मॅडम वारल्या तेव्हा घरी गेलो. फ्रेम बैठकीतच होती. सूनबाईंनी विचारलं, "हे आईंच्या गावचं शेत आहे का हो? विचारलं की 'कापूस' एवढंच म्हणायच्या."

"जंगल आहे ते," मी म्हणालो.

त्या फ्रेमजवळ गेल्या, वाकून बघत राहिल्या.

"कुठं?" त्या म्हणाल्या.