गेनर शेरटचा वीजकरार

गेनर शेरटला विजेचं बिल वाचता यायचं. लाँगटनमध्ये कपबशा घडवणारे, रंगवणारे, भाजणारे पैशाला पासरी मिळतील; पण कारखान्याचं वीजबिल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून त्यातली नेमकी गोम सांगणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत, आणि त्यातला अंगठा गेनर, असं क्लाइव टॅम्स म्हणायचा. क्लाइव तिचा मालक. वयाने सात वर्षांनी लहान. तो अर्ध्या चड्डीत बापाच्या कारखान्यात यायचा तेव्हापासून ती त्याला अरेतुरे करत आलेली, आणि तो मालक झाला म्हणून तिने त्यात काही बदल केला नाही.

सोळाव्या वर्षी ती टॅम्सांकडे लागली ती ओल्या मगांच्या कडा स्पंजने पुसायला. हिवाळ्यात बोटं सोलवटून निघायची. भट्ट्यांच्या खोलीच्या दाराशी मीटर होता, आणि येता-जाता त्यावरचा आकडा वाचायची तिला सवय लागली. का, तर उगाच. एकदा थोरले टॅम्ससाहेब, म्हणजे क्लाइवचे वडील, बिल हातात घेऊन कपाळाला हात लावून उभे होते, तेव्हा ही पोरगी म्हणाली, "साहेब, हा आकडा मीटरवर अजून आलेलाच नाही." वीज कंपनीने अंदाजपंचे बिल लावलं होतं. पुढच्या सोमवारी थोरल्या साहेबांनी तिला हात स्वच्छ धुवायला लावले आणि ऑफिसात बसवलं.

पुढे विजेचा बाजार खुला झाला. कारखान्याने कुठल्याही कंपनीकडून वीज घ्यावी, करार संपला की दुसरी बघावी. लोकांना वाटलं आता वीज स्वस्त होणार. गेनरला वाटलं आता काम वाढणार, आणि तिचंच बरोबर निघालं. दर वर्षी-दोन वर्षांनी शरद लागला की ती पाच-सहा कंपन्यांचे दर मागवायची आणि पेन्सिल घेऊन बसायची. या गावची माणसं परक्या घरी चहा प्याली की कप उपडा करून तळाला कोणाचा शिक्का आहे ते बघतात. गेनर दर उपडा करून बघायची. युनिटचा भाव कमी दिसला की स्थिर आकार चढा असणार हे ती धरूनच चालायची. रात्रीचा दर स्वस्त असेल, तर रात्र किती वाजता सुरू होते ते आधी विचारायची. कारण उन्हाळ्यात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढे जातात, मीटरचं घड्याळ जात नाही. शेजारच्या थाळ्यावाल्याने ते विचारलं नव्हतं, आणि अख्खा उन्हाळा त्याच्या भट्ट्या रोज एक तास महागड्या विजेवर तापल्या. गेनरने त्याला हे ऑगस्टात सांगितलं. "आधी का नाही सांगितलंस?" तो म्हणाला. "आधी विचारलंस का?" ती म्हणाली.

तिला एकच खोड होती, पण ती तिची एकटीची नव्हती, सगळ्या गावाची होती. लाँगटनच्या लोकांना समोरच्याला "राजा" म्हटल्याशिवाय बोलता येत नाही. बस ड्रायव्हर पाद्र्याला म्हणतो, नर्स पेशंटला म्हणते. आणि समोरचा बोलत असला की मध्ये मध्ये "हो राजा, हो" असा हुंकार भरायचा, नाहीतर त्याला वाटेल आपलं लक्ष नाही. त्यात कबुली नसते. त्याचा अर्थ एवढाच की तू बोल, मी आहे इथे. विजेच्या दलालांचे फोन दिवसाला दहा यायचे. बाकीच्या कारखान्यांत दोन शब्द ऐकून फोन आपटत. गेनर कोणाचं बोलणं पुरं झाल्याशिवाय फोन ठेवायची नाही. हुंकार भरत सगळं ऐकायची आणि शेवटी "नको राजा, मी बघीन माझं" म्हणून निरोप द्यायची. एवढ्या वर्षांत तिला कोणी फसवलं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

मग विजेचे भाव भडकले. गावात दोन कारखाने बंद पडले. टॅम्सांच्या तीन भट्ट्यांपैकी एक थंड पडली. जुलैत क्लाइव गेनरच्या टेबलाशी आला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाला, "हाच दर राहिला तर नाताळाच्या आत रंगकामातली एक बाई कमी करावी लागेल."

"कोण?"

"सगळ्यात शेवटी आली ती. जनीन."

जनीन ब्लूर शेवटी आली होती त्याला अकरा वर्षं झाली होती. दुधाच्या सुरईवर हाताने पक्षी काढणारी आता कारखान्यात ती एकटीच. नवरा फुप्फुसाच्या दुखण्याने घरी बसलेला. दुसरीकडे जाईल म्हणावं, तर जाणार कुठे? दुसरीकडे आता पक्ष्यांचे छापील कागद चिकटवतात.

"करार ऑक्टोबरअखेर संपतोय," गेनर म्हणाली. "तोवर तिला काही बोलू नकोस. मी दर खाली आणते."

"आणशील?"

"आजवर आणला नाही का?"

ऑगस्टमध्ये तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, ते झालं. तीन आठवडे ती घरी पाय उशीवर ठेवून पडून होती. ऑफिसचा फोन तिने स्वतःच्या मोबाईलवर वळवून घेतला, कारण क्लाइवने फोन घेतला की गिऱ्हाईक तुटतं असं तिचं मत होतं. सप्टेंबरात काठी टेकत परत आली आणि कामाला भिडली. अकरा दर मागवले. त्यातून एक सापडला: दिवसा महाग, रात्री निम्म्याहून स्वस्त. पहिली भाजणी संध्याकाळी लावून रात्रभर चालवायची, झिलईची भाजणी शनिवार-रविवारी. तिने तीन वेळा ताळा करून बघितला. जनीनची जागा राहत होती, आणि वर थोडं उरतही होतं.

"झालं," ती क्लाइवला म्हणाली. क्लाइवने त्या दिवशी सगळ्यांना चीज घातलेली ओटची धिरडी आणवली. कशाबद्दल ते कोणाला सांगितलं नाही.

जुन्या कंपनीला करार संपवत असल्याचं पत्र गेलं, नव्या कंपनीच्या कागदांवर सह्या झाल्या. दहा दिवसांनी नव्या कंपनीचं उत्तर आलं की तुम्हाला घेता येत नाही. तुमच्या कारखान्याने चोवीस ऑगस्टला जुन्याच कंपनीशी पुढच्या तीन वर्षांचा करार केलेला आहे. दलालामार्फत, फोनवर, तोंडी.

घरच्या विजेचा करार असता तर दोन आठवड्यांत रद्द करता आला असता. धंद्याला ती सवलत नाही. धंदेवाल्याने फोनवर हो म्हटलं की ते दगडावरची रेघ. आणि दर होता जुलैतल्यापेक्षाही चढा.

गेनर काठी न घेताच क्लाइवच्या खोलीत गेली. दार उघडंच राहिलं, आणि रंगकामाच्या तिन्ही बायकांना सगळं ऐकू गेलं.

"मी नव्हते तेव्हा तुझ्या मोबाईलवर दलालाचा फोन घेतलास तू!"

"घेतला असेल एखादा," क्लाइव म्हणाला.

"आणि हो म्हणालास?"

"आठवत नाही गं."

"आठवत नाही! अरे, तीन वर्षांचा धोंडा गळ्यात बांधून घेतलास आणि तुला आठवत नाही? तुझ्या बापाने मला ऑफिसात का बसवलं माहीत आहे? त्याला तेव्हाच दिसलं होतं तुझ्या हाती काही देण्यात अर्थ नाही म्हणून! आता जनीनला तू सांग. मी नाही सांगणार!"

असं जनीनला कळलं. तिच्या हातात ब्रश होता. तिने तो पाण्यात बुडवला, पुसला आणि उभा करून ठेवला.

क्लाइवने आपली बाजू मांडली नाही. गेनरशी वाद घालून आपण कधी जिंकलो नाही, तेव्हा चूक आपलीच असणार, असा त्याचा आयुष्यभराचा हिशोब होता.

गेनरने दलालाच्या कंपनीकडे त्या फोनचं रेकॉर्डिंग मागितलं. क्लाइवचा भित्रा आवाज ऐकला की आपल्याला काहीतरी फट सापडेल, अशी तिची आशा होती. रेकॉर्डिंग आलं ते शुक्रवारी दुपारी. डबे खायला सगळी एका टेबलाशी बसली होती. "ऐका तुमच्या मालकाची करामत," असं म्हणून तिने ते सगळ्यांसमोर लावलं.

आधी एक तरुण, गोड आवाज. आपण तुमच्या वीज कंपनीच्या कामासाठी बोलतोय, दोनच मिनिटं लागतील. मग दुसरा आवाज आला. जरा जड, झोपाळलेला, आणि बाईचा.

"बोल राजा."

गेनरचा हात टेबलावरच राहिला.

कारखान्याचे विजेचे निर्णय तुम्हीच घेता ना? "हो राजा, मीच घेते." बाकीच्यांनी खाणं थांबवलं. मुलगा भराभर वाचत सुटला होता, युनिट, स्थिर आकार, छत्तीस महिने, आणि दर वाक्याच्या शेवटी आवाज येत होता, "हो... हो राजा... हो बघ." मध्येच तिने त्याला विचारलं, जेवलास का? तो हसला. मग तिने त्याला गुडघ्याची हकिगत सांगितली, गोळ्यांनी डोकं कापसासारखं झालंय म्हणाली. अरेरे, तो म्हणाला. तर करार तीन वर्षांचा, मान्य आहे?

"हो राजा, तू बोल. मी ऐकतेय."

धन्यवाद, तो म्हणाला, आणि रेकॉर्डिंग संपलं.

तिला त्यातला एक शब्द आठवत नव्हता. पण आवाज तिचा होता आणि तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ओळखू आला होता. गेनरला लाज वाटली, इतकी की तिला तिथून उठताही येईना. काठी ऑफिसात राहिली होती. शेवटी क्लाइव उठला आणि काठी आणून तिच्या खुर्चीला टेकवून ठेवली. तिच्याकडे न बघता त्याने आपल्या डब्यातलं उरलेलं धिरडं संपवलं.

तक्रार करता येत होती. दलालाने दरात स्वतःचा किती वाटा घुसवलाय ते सांगितलं नव्हतं, आणि समोरचं माणूस औषधाच्या गुंगीत आहे हे ऐकूनही करार पुढे रेटला होता. वीज कंपनीने ऐकलं नाही तर वर लोकपाल होता. अर्ज चार पानांचा. गेनरने तीन पानं त्याच संध्याकाळी भरली आणि चौथ्याशी अडकली. तिथे प्रश्न होता: संमती देणाऱ्या व्यक्तीला अटी समजल्या होत्या का?

सोमवारी ती तशीच अर्ज समोर घेऊन बसलेली क्लाइवने बघितली.

"माझं नाव घाल," तो म्हणाला. "मला काही समजत नाही म्हटलं तर कोणीही विश्वास ठेवेल."

"आवाज बाईचा आहे, गाढवा."

"मग सर्दी झाली होती म्हणून सांगू."

तिला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. क्लाइवने तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं. तो दार लावून बाहेर जाऊन उभा राहिला. मग तिने पेन उचललं आणि लिहिलं: 'नाही. मी रोज हेच काम करते, पण त्या दिवशी मला एक अक्षरही समजलं नव्हतं.' खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

आठ आठवडे गेले. नाताळ आला आणि गेला. क्लाइवने जनीनला उत्तर येईपर्यंत ठेवून घेतलं; त्यासाठी त्याने आपली गाडी विकली आणि बसने यायला लागला. जानेवारीत वीज कंपनीचं पत्र आलं. करार रद्द. त्याखाली एक परिच्छेद होता, अगदी सभ्य भाषेत: संबंधित बाईंनी स्वतःच आपल्याला अटींचं आकलन झालं नसल्याचं मान्य केलं असल्याने, यापुढे वीज करारांसाठी कारखान्याने दुसरी जबाबदार व्यक्ती नेमावी.

गेनरने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, तो परिच्छेदही. नंतर तिने नवे दर मागवले. शरदातला दर आता राहिला नव्हता. मिळाला तो त्याच्यापेक्षा थोडा चढा. वर उरणारं गेलं, जनीनची जागा राहिली. कागदांवर जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात क्लाइवने सवयीने गेनरचं नाव लिहायला घेतलं, तेव्हा तिने त्याच्या हातातून पेन काढून घेतलं आणि जनीनला हाक मारली.

जनीन निळे हात पुसत आली. रकाना बघून ती दोन पावलं मागे सरली.

"मी? अगं गेनर, मला यातलं ओ का ठो कळत नाही!"

"बस इथे," गेनर म्हणाली आणि दुसरी खुर्ची ओढली. "बाकीचं मी शिकवते. एक तेवढं तुझं तुला शिकावं लागेल. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायचं. मला ते म्हणायला बासष्टावं वर्ष उजाडावं लागलं."